बदलीचा जमाखर्च

‘बदली’ आणि ‘बादली’ या दोन शब्दांत फक्त एका कान्याचे अंतर आहे, आणि ते अंतर बदली झालेला माणूस नव्या गावात उतरल्या संध्याकाळीच स्वतःच्या खर्चाने तोडतो. गादी कोणाकडून तरी उसनी मिळते, तांब्या-भांडे घरून आणलेले असते. पण हातात बादली घेऊन एसटीत चढण्याइतका धीट माणूस मी तोवर पाहिला नव्हता. चिपळूणच्या बाजारात मी घेतलेली निळी बादली 180 रुपयांना पडली. दुकानदाराने ती फडक्याने पुसली, माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि विचारले, “बँकेत की पोस्टात?”

“बँकेत,” मी म्हणालो.

“मग मगही घ्या,” तो म्हणाला, “बँकवाले दोन वर्षं तरी हलत नाहीत.”

बादलीचे बिल मी जपून ठेवले होते. प्रवासभत्त्याच्या नमुन्यात माणसाचे भाडे, सामानाचे भाडे, हमाली असे रकाने होते; बादलीचा नव्हता. “हे कशात घालू?” असे विचारल्यावर साहेब म्हणाले, “घालू नका.” या दोन शब्दांत नोकरदाराच्या बदलीचे सगळे अर्थशास्त्र आले, आणि त्या अर्थशास्त्राशी आज मला भांडायचे आहे. कारकून सहसा भांडत नाही. तो फार तर पेन खाली ठेवतो. पण माझी चाळिशी केव्हाच उलटली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. आता थोडे भांडायला हरकत नाही.

बँकेत ‘ट्रान्स्फर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. पहिली ट्रान्स्फर पैशाची. तिचे नियम फार कडक. एका खात्यात नावे टाकल्याशिवाय दुसऱ्या खात्यात जमा करता येत नाही. नोंद एकाने करायची, ती तपासायची दुसऱ्याने. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड खतावण्या होत्या. संध्याकाळी ताळा घेताना 90 पैशांचा फरक निघाला, तर तो सापडेपर्यंत आम्ही आठ जण रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसत असू. “90 पैसे माझ्या खिशातून टाकतो आणि घरी जाऊ,” असे मी पहिल्याच महिन्यात सुचवले होते. मी चपला घालून गाभाऱ्यात शिरल्यासारखे हेडकॅशियरनी माझ्याकडे पाहिले. “पैसे कोणीही टाकील रे,” ते म्हणाले, “ते गेले कुठे, ते सांग.”

दुसरी ट्रान्स्फर माणसाची. तिला एक कागद पुरतो आणि त्या कागदावर तीन ओळी पुरतात. ‘प्रशासकीय निकडीमुळे आपली बदली अमुक शाखेत करण्यात येत आहे. आपणास आज कामकाज संपल्यावर कार्यमुक्त करण्यात येत आहे. तेथे त्वरित रुजू होऊन तसे कळवावे.’ संपले. यात नावे कोणाच्या पडले, जमा कोणाला झाले, फरक किती राहिला, हे शोधायला रात्री नऊपर्यंत कोणी बसत नाही.

मला हा कागद 2017 साली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाला. भाऊबीज होऊन पंधरा दिवस झाले होते आणि डब्यात अजून चकलीचा चुरा होता. नोटाबंदीला वर्ष होत आले होते. त्या वेळी रात्री दहापर्यंत मोजलेल्या नोटांचे बक्षीस असावे, असे क्षणभर वाटले. कराडहून चिपळूण. सहकाऱ्यांनी अभिनंदन केले. एक म्हणाला, “मजा आहे बुवा, रोज ताजे मासे!” मी शाकाहारी आहे. दुसरा म्हणाला, “हापूस!” नोव्हेंबरात. साहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “अहो, शंभर किलोमीटर म्हणजे काय लांब आहे? झोप लागायच्या आत पोचाल.” कुंभार्ली घाटातून एसटीने जाताना ज्याला झोप लागते, त्याला रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर करायला माझी हरकत नाही. असे शांत डोके देशाला हवेच आहे.

घरी आलो. आमची ही कराडच्या एका खाजगी अनुदानित शाळेत शिकवते. तिच्या संस्थेची शाळा एकच, त्यामुळे तिची बदली फार तर आठवी ‘अ’ मधून आठवी ‘ब’ मध्ये होऊ शकते. तिने कागद वाचला आणि तीनच प्रश्न विचारले. “का?” “आत्ताच का?” “परत कधी?” कागद उलटून मागची बाजू बघितली. तीही कोरी होती. मुलगी दहावीत होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आणि गणिताची भिस्त माझ्यावर. ती काही बोलली नाही. उठून आत गेली आणि पुस्तक उघडल्याचा मोठा आवाज केला.

वडील 78 वर्षांचे. काचबिंदूने नजर गेल्यातच जमा. रोज सकाळी सात वाजता मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे, मथळ्यापासून निधनवार्तांपर्यंत. निधनवार्ता ते दोनदा वाचायला लावत, कोणी सुटायला नको म्हणून. ते म्हणाले, “बरं. जायलाच हवं.” मग बऱ्याच वेळाने म्हणाले, “पेपर बंद करूया का? उगीच बिल कशाला.”

‘प्रशासकीय निकड’ हा शब्दप्रयोग मला फार गूढ वाटतो. निकड म्हणजे एखादी गोष्ट आता, याच घटकेला लागणे. माणसाला निकड लागली की त्याच्या चेहऱ्यावरून कळते. प्रशासनाची निकड मात्र कोणी पाहिलेली नाही. म्हणून ती पाहायला एक दिवस रजा टाकून मी विभागीय कचेरीत गेलो. पूर्वी या खात्याला ‘कर्मचारी विभाग’ म्हणत. पुढे ‘मनुष्यबळ विकास’ झाला. आता ‘मानव संसाधन’ म्हणतात. म्हणजे दगडी कोळसा, बॉक्साइट आणि मी एकाच रांगेत आलो. तिथले अधिकारी माणूस म्हणून सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि संगणकावरचा तक्ता उघडला.

“कराडला एक जास्त आहे,” ते म्हणाले, “आणि चिपळूणला एक कमी.”

“म्हणजे मी गेलो की कराड बरोबर होईल?”

“अगदी बरोबर.”

“पण चिपळूणहून एक जण कराडला येतोय म्हणे.”

“येतोय ना! त्याची ऑर्डर कालच निघाली.”

“मग कराडला पुन्हा एक जास्तच झाला. आणि चिपळूणला पुन्हा एक कमी.”

त्यांनी तक्ता वरखाली केला. “नाही, नाही. तो तक्ता वेगळा. तो एका जागी पाच वर्षं झालेल्यांचा. तुमचा तक्ता जादा माणसांचा.”

“दोन्ही तक्ते एकत्र करून ताळा घेतला का?”

त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. “तुम्ही कॉमर्सवाले ना?” ते म्हणाले, “चहा घ्या.”

मी चहा घेतला. दोन तक्ते होते, दोन टेबलांवर होते, आणि त्या दोन टेबलांमध्ये साधारण सहा फुटांचे अंतर होते. ते सहा फूट कोणी चालून गेले असते, तर दोन घरांची शंभर-शंभर किलोमीटर वाचली असती. माझ्या बदलीतली निकड मला त्या दिवशी सापडली. ती या सहा फुटांत होती.

चिपळूणहून येणाऱ्या गृहस्थांचे नाव मी सांगत नाही. मी त्यांना चिपळूणकर म्हणतो, ते मला कराडकर म्हणतात. फोनवर ओळख झाली. रविवारी एकाच वेळी निघायचे आणि वाटेत कोयनानगरला भेटायचे ठरले. महाभारतात दोन्ही सैन्यांचे सेनापती युद्धाआधी समोरासमोर येतात तसे आम्ही स्टँडवर आलो. दोघांच्या हातात एकेक सूटकेस, खांद्याला एकेक पिशवी, पिशवीत डबा. वयही सारखेच, टक्कलही सारखेच. दोघेही कारकून, दोघेही बचत खात्याच्या काउंटरवर. त्यांचा मुलगा बारावीला, माझी मुलगी दहावीला. त्यांच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, माझ्या घरी वडील. आम्ही चहा सांगितला आणि आपापल्या गावची माहिती दिली. कोणती खाणावळ बरी, पाणी किती वाजता येते, कोणता पेन्शनर सही वेगळी करतो पण माणूस खरा आहे, कोणता सही जशीच्या तशी करतो पण सांभाळून राहावे. मग बराच वेळ गप्प बसलो.

“कराडकर,” ते म्हणाले, “आपण असं केलं तर? तुम्ही माझं नाव लावा, मी तुमचं लावतो. आणि इथूनच परत फिरू.”

खरे सांगतो, मोह झाला. बँकेला कळायला दोन वर्षे तरी लागली असती. पण दोघेही मध्यमवर्गीय. आम्ही बिल निम्मे-निम्मे दिले आणि उलट्या दिशेच्या गाड्यांत बसलो.

आता मुद्द्याचे बोलतो. मी बदलीच्या विरुद्ध नाही. 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, 15 एप्रिल 1980 रोजी आणखी सहा बँकांचे झाले आणि बँका खेड्यापाड्यांत गेल्या. खेड्यात शाखा उघडायची तर तिथे माणूस जायला हवा. सगळ्यांनाच पुणे-कोल्हापूर हवे असेल, तर डोंगरातल्या शेतकऱ्याने पासबुक भरायला कोणाकडे जायचे? शिवाय एकाच खुर्चीवर माणूस फार वर्षे बसला की खुर्ची त्याची होते आणि मग तिजोरीही आपलीच वाटू लागते. संवेदनशील पदांवरची माणसे ठरावीक काळाने फिरवावीत, असे केंद्रीय दक्षता आयोग सांगतो ते उगीच नाही. बदलीने माणूस शिकतोही. चिपळूणला जाईपर्यंत पाऊस म्हणजे काय, हे मला माहीत नव्हते. कराडला पडतो तो नमुन्यादाखल.

माझे भांडण वेगळे आहे. बदली करणाऱ्याला बदली फुकट पडते, म्हणून तो ती विचार न करता करतो. फुकट मिळालेली गोष्ट आपण सगळेच उधळतो. नळाला मीटर नसेल तर पाणी वाहत राहते. बदलीला मीटर नाही, म्हणून बदल्या वाहत असतात.

हे मीटर बसवले तर किती आकडा पडेल, ते मी माझ्यापुरते मांडून पाहिले. चिपळूणला मी 27 महिने होतो. खोलीचे भाडे महिना 4,500, म्हणजे 1,21,500 रुपये. खाणावळ महिना 2,800, म्हणजे 75,600. दर आठवड्याला घरी यायचा प्रयत्न केला. सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला आहे, हे त्यातल्या त्यात नशीब. अशा शंभर तरी फेऱ्या झाल्या. एसटीचे भाडे 24,000 रुपयांच्या घरात गेले. बेरीज 2,21,100 रुपये. यात बादली धरलेली नाही. शंभर फेऱ्या म्हणजे जाऊन-येऊन 20,000 किलोमीटर. पृथ्वीचा परीघ 40,000 किलोमीटर आहे. म्हणजे घरी जाण्यासाठी मी अर्धी पृथ्वी पालथी घातली, आणि कोलंबसाचे नाव झाले!

हे झाले पैशाचे. मुलीला मी भूमिती फोनवर शिकवली. ज्याने फोनवर प्रमेय समजावून सांगितले नाही, त्याला संसार म्हणजे काय ते कळणार नाही. “बाबा, बिंदू पी कुठे आहे?” “अगं, रेषेच्या उजवीकडे.” “कुठल्या उजवीकडे? तुमच्या की माझ्या?” पुढे व्हिडिओवर वही दाखवायला लागली, तर नेटवर्क नेमके त्रिकोणाच्या तिसऱ्या बाजूला जायचे. परीक्षेच्या दिवसांत मार्च अखेरीची कामे. रजा मिळणे शक्यच नव्हते. ती चांगल्या गुणांनी पास झाली, पण भूमितीत गुण कमी पडले. तेवढे गुण कोणाच्या खात्यात नावे टाकायचे?

आणि बँकेला तरी काय मिळाले? कराडला काउंटरवर माणूस दिसला की मला त्याचा खाते क्रमांक आठवे. चिपळूणला पहिले सहा महिने मी प्रत्येकाला नाव विचारत होतो आणि प्रत्येक जण “आधीचे साहेब नाव विचारत नव्हते” असे ऐकवत होता. तिकडे चिपळूणकरांनाही कराडला हेच ऐकावे लागत होते. म्हणजे दोन शाखांत ओळखीची दोन माणसे बसली होती. बँकेने खर्च करून त्यांच्या जागी अनोळखी दोन बसवली. मौज अशी की आता कोअर बँकिंगमुळे खाते कुठल्याही शाखेतून चालते. पैसा जागचा हलत नाही आणि तरीही एका क्षणात या टोकाहून त्या टोकाला पोचतो. बँकेत ज्याला अजून घाटातून जावे लागते, असा कारकून तेवढा उरला आहे.

यावर दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले उत्तर: “नोकरीला लागताना कुठेही जायला तयार आहे अशी सही केली होती ना?” केली होती. ‘कुठेही’ म्हणून केली होती, ‘कसेही’ म्हणून नव्हती. न्यायालयेही बदली हा नोकरीचा भागच मानतात, तिथे वाद नाही. पण त्याच सर्वोच्च न्यायालयाने 1986 च्या एका निकालात वरचेवर, अवेळी आणि अवाजवीपणे होणाऱ्या बदल्यांनी कुटुंब उखडले जाते असे म्हटले आहे, आणि 1994 च्या निकालात तातडीचे कारण नसेल तर मुलांच्या शालेय वर्षाच्या मध्येच बदली करताना त्याचा विचार व्हावा असे सांगितले आहे. आपल्या महाराष्ट्राने तर 2005 साली शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी कायदाच केला. सर्वसाधारण मुदत तीन वर्षे, बदल्या वर्षातून एकदा आणि त्याही एप्रिल किंवा मे महिन्यात. मध्येच करायची तर कारण लेखी नोंदवायचे. कायद्याला पळवाटा असतात, त्या यालाही आहेत. पण निदान शाळा जूनमध्ये उघडतात ही गोष्ट सरकारला माहीत आहे, हे त्यातून सिद्ध होते. हा कायदा आम्हा बँकवाल्यांना लागू नाही. आमच्या मुलांच्या शाळा बहुधा नोव्हेंबरात उघडत असाव्यात.

नियोजनशून्य बदलीला आपण ‘तुघलकी’ म्हणतो. मला वाटते, हा तुघलकावर थोडा अन्याय आहे. 1327 साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला आणली आणि तिचे दौलताबाद केले. हजार किलोमीटरच्या वरचे हे अंतर. दक्षिणेवर लक्ष ठेवायला मध्यावर राजधानी हवी, हा विचार तसा वेडेपणाचा नव्हता. वाटेवर त्याने मुक्कामाच्या सोयी केल्या, सावलीला झाडे लावली, जाणाऱ्यांना पैशाची मदतही दिली असे इतिहास सांगतो. त्याच्या प्रवासभत्त्याच्या नमुन्यात बादलीचा रकाना असणार, याविषयी मला शंका नाही. त्याचे चुकले ते एवढेच की, जाणाऱ्यांना त्याने विचारले नाही, आणि काही वर्षांनी सगळ्यांना परत दिल्लीला पाठवले. आमच्या कचेरीने तुघलकाच्या चुका तेवढ्या घेतल्या, झाडे घेतली नाहीत.

दुसरे ठरलेले उत्तर: “पूर्वीची माणसं नाही का जात होती?” हे उत्तर माझ्या वडिलांनीही दिले होते. ते पोस्टात होते. वाई, मेढा, दहिवडी, फलटण करत सात गावे फिरले. “आम्ही कधी कुरकुर केली नाही,” असे ते अभिमानाने सांगतात. ते खरेच आहे. त्यांनी ट्रंक उचलली की झाले. ट्रंक भरत होती आई. सात वेळा तिने लोणच्याच्या बरण्या चिंध्यांत गुंडाळल्या, सात गावांत दूधवाला, वाणी, भांडीवाली शोधली, सात अंगणांत तुळस लावली आणि सहा मागे ठेवल्या. शेजारणीशी घरोबा जमायला दोन वर्षे लागत आणि तिसऱ्या वर्षी ट्रंक निघे. आई गेल्यावर तिच्या पेटीत सहा गावांतल्या सहा बायकांची पत्रे सापडली. शेवटचे पत्र तीस वर्षांपूर्वीचे होते. पूर्वीची माणसे कुरकुर न करता जात होती, कारण बदलीची दुसरी बाजू घरातली बाई गपचूप स्वतःच्या खात्यात लिहून घेत होती. आता तीही नोकरी करते. त्यामुळे ती नोंद लिहायला कोणी उरलेले नाही आणि ती बिनलिहिली हवेत लोंबकळते आहे. हेडकॅशियरांच्या भाषेत सांगायचे तर, ते गेले कुठे, ते सांगा.

नुसते रडगाणे गाऊन थांबणारा मी नाही. माझ्यापाशी सूचना आहेत. त्यांना पैसा जवळजवळ लागत नाही. एक, जानेवारीत प्रत्येकाला एक पानाचा फॉर्म द्यावा: घरी कोण आजारी आहे, मूल कितवीत आहे, जोडीदार कुठे नोकरीला आहे, जायचे झालेच तर कोणती तीन गावे चालतील. प्रत्येकाचे ऐकता येणार नाही हे कळते. पण विचारलेला माणूस निम्मा राजी झालेला असतो. दोन, ऑर्डर एप्रिलच्या मध्यापर्यंत काढावी, म्हणजे माणूस शाळेचा दाखला, गॅसचे कागद आणि खोली पाहून जूनमध्ये रुजू होईल. आग लागली असेल तर मध्येच पाठवा; पण आग कुठे लागली ते कागदावर लिहा. तीन, ऑर्डरवर परतीची तारीख असावी. कर्जदारालासुद्धा आपण शेवटचा हप्ता कधी ते सांगतो.

चौथी सूचना माझी आवडती आहे. प्रत्येक बदलीचे एक व्हाउचर फाडावे. त्यावर त्या कुटुंबाला पडणारा खर्च, दुहेरी भाडे, फेऱ्या, जोडीदाराची नोकरी सुटली तर तिचा पगार, सगळे मांडावे आणि ती रक्कम बदली करणाऱ्या खात्याच्या नावे टाकावी. बँकेने ती मला द्यावी असेही मी म्हणत नाही. फक्त आकडा लिहावा आणि खाली सही करावी. 2,21,100 रुपयांवर सही करताना कोणाचाही हात एक क्षण थांबतो, आणि त्या क्षणात माणूस सहा फूट चालून शेजारचा तक्ता बघून येतो.

माझी गोष्ट पुरी करतो. रुजू झाल्यावर आठ दिवसांत मी आणि चिपळूणकरांनी परस्पर बदलीचा अर्ज दिला. ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ असे उत्तर पाच महिन्यांनी आले. मग कळले की नव्या जागी दोन वर्षे झाल्याशिवाय विनंती बदली मिळत नाही. दोन वर्षे झाली, वर तीन महिने गेले, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये दोघांनाही एकाच दिवशी ऑर्डर मिळाली. मी कराडला, ते चिपळूणला. त्या वर्षी आमच्या विभागाच्या कामगिरीच्या यादीत ‘विनंती बदल्या मंजूर’ या सदरात आम्हा दोघांची गणना झाली. 2017 मध्ये आम्ही ‘प्रशासकीय निकडी पूर्ण’ या सदरात होतो. म्हणजे दोन माणसे जिथे होती तिथेच पुन्हा बसली आणि कचेरीच्या नावावर चार कामे जमा झाली. याला म्हणतात उत्पादकता!

आम्ही पुन्हा कोयनानगरला भेटलो. या वेळी दोघांच्याही हातात बादली होती, माझी निळी, त्यांची लाल. 27 महिन्यांत माणूस धीट होतो. कंडक्टरने विचारले, “दोघांची बदली का?” आम्ही म्हणालो, “दोघांची बादली.” चहा पिताना चिपळूणकर म्हणाले, “आधीच सुचलं असतं तर एकमेकांच्या घरच्याच बादल्या वापरल्या असत्या.” त्यांचे 180 वाचले असते, माझे 180. कोणी आधी विचारले असते, तर आणखीही पुष्कळ वाचले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी वर्तमानपत्र घेऊन वडिलांजवळ बसलो आणि मथळा वाचला. त्यांनी हात वर केला. “राहू दे,” ते म्हणाले, “आता रेडिओची सवय झालीय. तू चहा घे निवांत.” त्यांना मला बरे वाटावे असे वाटत होते. मी पेपर मनातच वाचला. निधनवार्ता तेवढ्या मोठ्याने वाचल्या, दोनदा.

बादली अजून आहे. तिला चीर गेली आहे, पाणी राहत नाही. ही टाकून दे म्हणते. पण माझ्या बदलीतून जमेच्या बाजूला आलेली ती एकच वस्तू आहे. बँकेत अशा वस्तूंसाठी डेडस्टॉकचे रजिस्टर असते. मी घरी एका जुन्या वहीत तिची नोंद केली आहे: निळी बादली, नग एक, किंमत 180 रुपये, कारण प्रशासकीय निकड. खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी ठेवली आहे.